खेळत राहणं हे चांगलं आयुष्य होऊ शकतं का?

उंटतिरका
मुंगी आणि नाकतोड्याची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. नाकतोडा उन्हाळाभर गातो, थंडीत उपाशी मरतो आणि मुंगीचं बरोबर ठरतं. बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने १९७८ साली 'द ग्रासहॉपर' या पुस्तकात नाकतोड्याचं वकीलपत्र घेतलं. त्याचं म्हणणं असं : समजा माणसाच्या सगळ्या गरजा बसल्या जागी भागायला लागल्या. टंचाई नाही, आजार नाही, शोधायचं तेही शोधून झालं. मग करण्यासारखं काय उरतं? बाकी सगळी कामं आपण कशासाठी तरी करतो. ते 'कशासाठी तरी' संपलं की कामंही संपली. उरतो तो खेळ. म्हणजे आदर्श जगण्याचा गाभा खेळच.

खेळाची त्याची व्याख्या चार अंगांची आहे. खेळाबाहेरही सांगता येईल असं एक उद्दिष्ट लागतं, उदाहरणार्थ गोल्फमध्ये चेंडू भोकात जाणं. ते गाठायची ठरावीक साधनं लागतात. सोपा मार्ग बंद करणारे नियम लागतात : चेंडू हातात धरून भोकात टाकायचा नाही. आणि खेळता यावं एवढ्याच कारणासाठी ते नियम मान्य करावे लागतात. या शेवटच्या अंगाला मी इथे खेळवृत्ती म्हणतो. थोडक्यात, खेळ म्हणजे अनावश्यक अडथळे स्वखुशीने ओलांडायची धडपड.

माझं मत : व्याख्या पटते, निष्कर्ष पटत नाही. पण मधली कुठली पायरी निसटते ते बोट ठेवून सांगता येत नाही. मदत करा.

खुर्चीवाला
खुर्ची टाकून बसलोय. चालू द्या.

अर्धविराम
माझा आक्षेप व्याख्येपासूनच सुरू होतो. १९५३ साली छापल्या गेलेल्या 'फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स'मध्ये विटगेनश्टाइन या तत्त्वज्ञाने 'खेळ' हेच उदाहरण घेतलं होतं. पटावरचे, पत्त्यांचे, चेंडूचे खेळ शेजारी शेजारी ठेवून पाहा, सगळ्यांत समान असं काही सापडणार नाही. एकाच घरातल्या माणसांत कुणाचं नाक, कुणाची चाल जुळते, तसं आडवंतिडवं साम्य तेवढं दिसेल.

आता सूट्सची फूटपट्टी सापशिडीला लावा. खेळाडू संपूर्ण डावात एकही निर्णय घेत नाही. फासा टाकायचा आणि मोजत जायचं. यात धडपड कुठली? तुमच्या व्याख्येने सापशिडी खेळ नाही. आणि भातुकलीत तर ना उद्दिष्ट, ना अडथळा.

शहकाटशह
अर्धविराम, भातुकलीचं उत्तर पुस्तकात आहे. सूट्स त्याला मोकळा खेळ म्हणतो. तिथे शेवट गाठायचा नसतो, नाट्य चालू ठेवणं हेच उद्दिष्ट. अडथळाही आहे. एकाने भूमिका मोडून 'हे काही खरं जेवण नाही' म्हटलं की डाव मोडला. समोरच्याने टाकलेला प्रत्येक धागा उचलून पुढे न्यावा लागतो. नाटकाच्या तालमीत उत्स्फूर्त प्रवेश करणाऱ्यांना ही कसरत चांगली माहीत असते.

सापशिडीचा मुद्दा मात्र बिनतोड. फ्रेंच विचारवंत रोजे कायवा याने १९५८ साली खेळांचे चार गट पाडले : स्पर्धा, नशीब, सोंग आणि भोवळ (गिरक्या, पाळणे वगैरे). सूट्सची व्याख्या पहिल्या गटाला नीट बसते, तिसऱ्याला ओढूनताणून बसते. सापशिडी दुसऱ्या गटात शुद्ध सोनं आहे. तिथे खेळाडू काही करत नाही, त्याच्या बाबतीत काहीतरी घडतं.

कोरी पाटी
म्हणजे बऱ्याच जणांचं आयुष्य दुसऱ्या गटातलं. :)

तळटीप
व्याख्येवर फार वेळ घालवू नका, खरी मेख चौथ्या अंगात आहे. खेळवृत्ती म्हणजे काय हे ती बिघडल्यावर स्वच्छ दिसतं. दोन उदाहरणं देतो.

२०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिला दुहेरी बॅडमिंटनच्या चार जोड्या, म्हणजे आठ खेळाडू, बाद ठरवल्या गेल्या. गटसाखळीतला सामना हरलं तर बाद फेरीत सोपा प्रतिस्पर्धी मिळणार होता. म्हणून सर्व्हिस मुद्दाम जाळीत, साधे फटके मुद्दाम बाहेर. दोन्ही बाजू हरायला टपलेल्या. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली.

दुसरं याहून मजेदार. जानेवारी १९९४, कॅरिबियन चषकाची पात्रता फेरी, बार्बाडोस विरुद्ध ग्रेनाडा, फुटबॉल. बार्बाडोसला पुढे जायला दोन गोलांच्या फरकाने जिंकणं भाग होतं. आयोजकांनी एक विचित्र नियम केला होता : बरोबरी झाली तर जादा वेळ, आणि त्यातला निर्णायक गोल दोन गोलांचा धरायचा. बार्बाडोस २-० पुढे होतं. ८३ व्या मिनिटाला ग्रेनाडाने एक फेडला, २-१. वेळ संपत आलेली, तिसरा गोल होईना. तेव्हा बार्बाडोसने चेंडू स्वतःच्याच जाळ्यात मारला, २-२. म्हणजे जादा वेळ मिळणार आणि तिथे एकाच गोलात दोनाचा फरक. ग्रेनाडाच्या लक्षात आलं की आता कुठल्याही बाजूला गोल झाला तरी आपलंच भलं, कारण एका गोलाने हरूनही ते पुढे जात होते. उरलेली मिनिटं बार्बाडोसचे खेळाडू दोन्ही गोलपोस्ट राखत धावले! जादा वेळेत त्यांनीच गोल केला आणि ४-२ ने पुढे गेले.

पहिल्यात शिक्षा झाली, दुसऱ्यात नाही. का?

उंटतिरका
दुसऱ्यात ते स्पर्धा जिंकायलाच खेळत होते म्हणून?

अर्धविराम
पहिल्यातही स्पर्धा जिंकायलाच खेळत होत्या की! सामना हा स्पर्धेचा एक भाग. मोठ्या खेळासाठी छोटा खेळ सोडला, एवढंच. दोष खेळाडूंवर ढकलणं सोपं, मूळ चूक आराखड्याची. गटसाखळीनंतर कोण कुणाशी खेळणार हे आधीच ठरलेलं असलं आणि शेवटचे सामने वेगवेगळ्या वेळी असले की हरण्यात फायदा निर्माण होतो. उपाय माहीत आहेत : गटातले शेवटचे सामने एकाच वेळी घ्या, बाद फेरीच्या जोड्या गटसाखळी संपल्यावर चिठ्ठ्या टाकून ठरवा.

तळटीप
आराखडा चुकला हे मान्य. पण प्रेक्षक आराखड्यावर नाही, समोरच्या दृश्यावर चिडले. डच इतिहासकार योहान हाउझिंगा १९३८ मध्ये एक फरक सांगून गेलाय. फसवणारा खेळाडू वरवर तरी खेळ मानतो, म्हणून लोक त्याला माफ करतात. खेळ मोडणारा मात्र खेळाचं जगच पुसून टाकतो. बार्बाडोसवाले घामाघूम होऊन खेळतच होते, फक्त दिशा उलटी होती. बॅडमिंटनच्या कोर्टवर कुणी खेळतच नव्हतं.

मीनाक्षी_१९
तळटीपकाका, इथून धाग्याच्या प्रश्नाकडे वळता येईल. तत्त्वज्ञ सी. थी न्गुएनच्या खेळांवरच्या २०२० च्या पुस्तकात याच जागेवर बोट आहे. एका प्रकारचा खेळाडू जिंकण्यासाठी धडपडतो. दुसरा धडपडता यावं म्हणून जिंकायची इच्छा तात्पुरती अंगात घेतो. रोजच्या व्यवहारात साध्य आधी ठरतं, मग साधन शोधतो. दुसऱ्या प्रकारात उलटं : हवी असते ती धडपड, आणि तिच्यासाठी साध्य निवडलं जातं. डावापुरता राजा वाचवणं सर्वस्व. डाव संपला की सोंगट्या डब्यात आणि ती तळमळही डब्यात.

मला यातली कसब-बाजू महत्त्वाची वाटते. जिंकायची इच्छा खरी हवी, नाहीतर डावाला चव येत नाही. आणि ती उतरवून ठेवताही यायला हवी. दोन्ही एकाच माणसाला जमणं सोपं नाही.

गुपचूप गंगाराम
मग कच्च्या भिडूशी खेळताना मुद्दाम हरावं की नाही? हा प्रश्न घरोघरी अडतो.

शहकाटशह
हरू नये. इच्छा खोटी असेल तर समोरच्याची धडपड फुकट जाते, आणि त्याला ते कळतंच. त्याऐवजी अडथळा उघडपणे वाढवून घ्यावा आणि मग जीव तोडून खेळावं.

गो या काळ्या-पांढऱ्या दगडांनी खेळायच्या पटावरच्या खेळात हे सगळ्यात सुबक आहे. दर्जात जितका फरक तितके दगड कच्च्या खेळाडूला आधीच पटावर मांडून द्यायचे, साधारण ९ पर्यंत. बरोबरीच्या खेळाडूंत काळा आधी खेळतो, म्हणून पांढऱ्याला ६.५ किंवा ७.५ गुण भरपाई. अर्धा गुण एवढ्यासाठी की बरोबरी होऊ नये.

बुद्धिबळात दगड वाढवता येत नाहीत, तिथे वेळ कापावी. खेळाडूची ताकद आकड्यात मांडणाऱ्या एलो गुणांकनाच्या सूत्राने २०० गुणांचा फरक असेल तर वरचढ खेळाडूला १०० डावांत सरासरी ७६ गुण, ४०० असेल तर ९१. ४०० च्या फरकाला एकाला १० मिनिटं आणि दुसऱ्याला २ दिली तरी सुरुवातीला पुरत नाही, मग १ करा. निकाल निम्मा-निम्मा जवळ येईपर्यंत वेळ हलवत राहायची. वजीर काढून खेळायचा सल्ला बरेच देतात, तो मला आवडत नाही. त्याने डावाचं रूपच बदलतं. पक्का भिडू अदलाबदल टाळत राहतो, कच्चा हाताला येईल ते मारत सुटतो, आणि शिकतो भलतंच.

गुपचूप गंगाराम
वेळेचं पटलं. आभार.

पंतोजी
सगळं ठीक, पण ॲरिस्टॉटलला विसरलात. निकोमाखियन नीतिशास्त्राच्या दहाव्या भागात तो सरळ म्हणतो की आयुष्यभर कष्ट उपसायचे ते करमणुकीसाठी, हे मूर्खपणाचं आणि पोरकट आहे. करमणूक विश्रांतीसारखी, पुन्हा कामाला लागता यावं म्हणून. मुंगीचा वकील म्हणा हवं तर.

आपल्याकडचा पुरावाही द्यूताच्या विरोधात जातो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं ३४ वं सूक्त, अक्षसूक्त. जुगारी ठरवतो की आता जायचं नाही. तेवढ्यात पटावर पडलेल्या फाशांचा आवाज येतो आणि पाय तिकडे वळतात. बायको दुरावली, कर्ज झालं, रात्री दुसऱ्याच्या घराकडे चाललाय. शेवटी उपदेश : 'अक्षैर्मा दीव्यः कृषिमित्कृषस्व'. फासे खेळू नकोस, शेतीच कर.

कोरी पाटी
आणि त्याच परंपरेत ब्रह्मसूत्र २.१.३३ म्हणतं, 'लोकवत्तु लीलाकैवल्यम्'. ब्रह्माला काही मिळवायचं नाही, म्हणून सृष्टी ही नुसती लीला. ब्रह्माने खेळलं की लीला, आम्ही खेळलो की शेती कर!

पंतोजी
ब्रह्माला कर्ज होत नाही.

मीनाक्षी_१९
हाहा. पण पंतोजी, तुम्ही दिलेलं सूक्त माझ्याच बाजूचं आहे. तो जुगारी खेळतोय असं म्हणायला जीभ रेटत नाही. त्याला इच्छा उतरवून ठेवता येत नाही, हीच तर त्याची कैफियत.

शहकाटशह
ॲरिस्टॉटलला थेट उत्तर तत्त्वज्ञ टॉमस हुर्काने २००६ च्या निबंधात दिलंय. ॲरिस्टॉटलच्या हिशोबात क्रियेचं मोल तिच्या साध्यावरून ठरतं. चेंडू भोकात जाणं शून्य मोलाचं, म्हणून गोल्फही शून्य. हुर्का म्हणतो, अवघड गोष्ट साधणं हे स्वतःच मोलाचं असू शकतं, आणि गोल्फचं साध्य शून्य असल्यामुळेच ते मोल निखळ दिसतं. पण तो हेही मानतो की तितकीच अवघड आणि शिवाय फळही मोलाचं अशी गोष्ट असेल, तर ती वरचढ. इथे उंटतिरका यांचा निष्कर्षावरचा संशय रास्त ठरतो.

खुर्चीवाला
मध्येच एक. 'व्यापार' (मोनोपॉलीसारखा पटावरचा) चांगला खेळ का नाही? शेवटी नेहमी भांडणं होतात.

अर्धविराम
अवांतर, पण आवडतं अवांतर. त्याचा पूर्वज 'द लँडलॉर्ड्स गेम', एलिझाबेथ मॅगी यांनी त्याचं पेटंट १९०४ मध्ये मिळवलं. जमीनमालकाकडे भाडं साचत जातं आणि बाकीचे कंगाल होतात हे दाखवणं हाच हेतू होता. म्हणजे तुम्हाला जो वैताग येतो तो धडा आहे. पुढच्या आवृत्तीत मोनोपॉली झालं, वैताग राहिला, धडा गळाला.

खेळ लांबतो त्याची दोन कारणं घरच्या नियमांत आहेत. पहिलं, दंडाचे पैसे पटाच्या मध्यभागी साठवून 'फ्री पार्किंग'वर येणाऱ्याला देणं. मूळ नियमांत हे नाही. पैसा पटावरून बाहेर जायच्या ऐवजी परत आत येतो आणि कुणी बुडतच नाही. दुसरं, ज्या जागेवर आलात ती घ्यायची नसेल तर लगेच लिलाव करायचा असतो, तो बहुतेक जण करत नाहीत. लिलाव केला तर जागा भराभर विकल्या जातात आणि हातातला पैसाही आटतो. एवढं केलं तरी जो मागे पडला त्याने ताटकळत बसायचं, हा मूळ दोष राहतोच. वेळ आधी ठरवा, वेळ संपली की रोकड आणि मालमत्ता मोजा, मोकळे व्हा.

तळटीप
बुडालेला भिडू उठूनही जाऊ शकत नाही आणि खेळूही शकत नाही, ही खेळाच्या रचनेतली सगळ्यात वाईट अवस्था. तीन भिडूंच्या खेळात याची दुसरी तऱ्हा दिसते. जिंकणं अशक्य झालेला तिसरा भिडू बाकीच्या दोघांत कोण जिंकणार ते ठरवतो. मग कौशल्य बाजूला आणि रुसवेफुगवे पुढे.

सायंतारा
सगळे खेळांनी आयुष्य चांगलं होतं का यावर बोलताय. उलट दिशेचं काय? आयुष्यालाच गुण लावायचे, पावलं मोजायची, भाषा शिकायच्या ॲपवर सलग दिवसांची साखळी जपायची. यात आयुष्य खेळ झालं ना? मग चांगलं का वाटत नाही?

मीनाक्षी_१९
कारण खेळातले गुण डावापुरते असतात, हे गुण उतरवून ठेवता येत नाहीत. न्गुएन याला मूल्यांचा ताबा म्हणतो. तुमचं मूल्य बारीक, गुंतागुंतीचं, तुमच्या स्वभावाला बेतलेलं. बाहेरून एक सुटसुटीत आकडा येतो आणि मूल्याच्या जागी बसतो.

साखळीचंच पाहा. साखळी दिवस मोजते, भाषा मोजत नाही. रात्री बारा वाजायला पाच मिनिटं असताना माणूस सगळ्यात सोपा, आधीच येणारा धडा उघडतो, दोन मिनिटांत संपवतो. साखळी वाचली, भाषा जागच्या जागी. अवघड धडा साखळीला धोका, म्हणून तो पुढे ढकलला जातो. आणि साखळी लांबली की ती तुटण्याची भीती शिकण्याच्या आनंदापेक्षा मोठी होते. तुटली की बरेच जण भाषाच सोडतात.

सायंतारा
आणि दहा हजार पावलं?

तळटीप
तो आकडा १९६५ च्या सुमाराला जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला, वैद्यकीय संशोधनातून नाही. गोल आकडा, लक्षात राहतो. चालणं चांगलंच, पण ९,८०० पावलांवर घरात येरझाऱ्या घालणारा माणूस तब्येतीची काळजी घेत नसतो, यंत्राची घेत असतो.

गुण लावायचेच असतील तर काही पथ्यं. करून झाल्यावर लगेच दिसणारा आकडा टाळा, आठवड्याने पाहा. 'किती'च्या जोडीला 'काय जमलं' हे एक वाक्य शब्दांत लिहा, आकड्यात मावत नाही ते तिथे उतरतं. मुदत घाला : सहा आठवडे, मग बंद. बंद केल्यावर ती गोष्ट चालू राहिली तर आकड्याने काम केलं. थांबली तर आपण चालत नव्हतो, मोजत होतो.

पंतोजी
तत्त्वज्ञ ॲलस्डेअर मॅकिन्टायरचं १९८१ चं उदाहरण इथे चपखल बसतं. मुलाला बुद्धिबळाची गोडी लागावी म्हणून जिंकल्यावर गोळ्या द्यायच्या. जोवर मन गोळ्यांवर आहे तोवर फसवायला त्याला काहीच आडकाठी नाही. ज्या दिवशी डावातली खुमारी कळेल, त्या दिवसापासून फसवलं तर तो स्वतःलाच फसवेल. ॲपवाल्यांची मेख अशी की त्यांना मुलाने गोळ्यांवरच राहावं असं वाटतं.

उंटतिरका
वा. पण मूळ प्रश्न राहिलाच. सगळं यंत्रं करायला लागली तर?

शहकाटशह
त्याचा थोडाफार प्रयोग झालेला आहे. १९९७ साली डीप ब्लू या संगणकाने बुद्धिबळाचा विश्वविजेता कास्पारोव्हला हरवलं. आज फोनमधलं इंजिन (बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम) विश्वविजेत्याला हरवतं. तरी बुद्धिबळ मेलं नाही. गोमध्ये २०१६ साली अल्फागो या प्रोग्रामने अव्वल कोरियन खेळाडू ली सेडॉलला ४-१ ने हरवलं. चौथ्या डावात ७८ वी चाल टाकून त्याने जो एक डाव काढला, तो लोक अजून मांडून पाहतात. पण २०१९ मध्ये त्याने निवृत्ती घेतली आणि कारणांत यंत्राचंही नाव घेतलं. शिखरावरच्याला आपण शिखरावर नाही हे सोसलं नाही. बाकीच्यांना पूर्वीही शिखर माहीत नव्हतं.

बिघडलं ते वेगळंच. इंजिनमुळे सुरुवातीच्या चाली पाठ करणं इतकं वाढलं की वीस-वीस चाली नुसत्या आठवणीतून. अडथळा विचाराचा होता, तो पाठांतराचा झाला. बॉबी फिशरने १९९६ मध्ये जाहीर केलेला प्रकार यावर उपाय म्हणून पुढे आला : मागच्या ओळीतली मांडणी चिठ्ठ्या टाकून. अटी दोन, उंट वेगवेगळ्या रंगांच्या घरांत आणि राजा दोन हत्तींच्या मध्ये. अशा मांडण्या बरोबर ९६० होतात.

यात मला सूट्सची निसटलेली पायरी दिसते. अडथळे झिजतात. कुणीतरी सतत ते पारखून नवे घालावे लागतात. पंच लागतो, नियम लिहिणारा लागतो, भिडू रुसला तर समजूत काढणारा लागतो. ही कामं खेळ नव्हेत, त्यांचं साध्य खरं आहे. म्हणजे त्याच्या आदर्श जगातही गरजेचं काम शिल्लक राहतं.

अर्धविराम
दुरुस्ती आवडली. आणि सूट्सलाही शेवटी धाकधूक होतीच. पुस्तकाच्या अखेरीस नाकतोड्याला एक दृश्य दिसतं. लोकांना पटवलं जातं की तुम्ही आयुष्यभर करत आलात ते सगळं खेळच होता. आणि ते पटताक्षणी लोक नाहीसे होतात. नुसताच खेळ असेल तर जगण्यात अर्थ नाही, असं त्यांना वाटतं. वकिलाने अशिलाच्या विरोधातला पुरावा स्वतःच टेबलावर ठेवला.

उंटतिरका
ते शेवटचं प्रकरण पुन्हा वाचतो. शहकाटशह, तुमचा पंच मात्र मी खेळात धरला असता. त्यालाही नियमांत राहूनच काम करावं लागतं.

शहकाटशह
नियमांत राहणं पुरेसं नाही. पंचाला सोपा मार्ग सापडला, उदाहरणार्थ कॅमेरा, तर तो आनंदाने घेतो. खेळाडूने तसं केलं तर खेळ संपतो.

खुर्चीवाला
९६० मध्ये राजा भलत्याच घरात असतो, मग कॅसलिंग (राजा-हत्तीची एकत्र चाल) कसं करतात?

शहकाटशह
शेवटची जागा नेहमीच्या बुद्धिबळासारखीच. एका बाजूला राजा 'जी' (g) घरात, हत्ती 'एफ'मध्ये (f). दुसऱ्या बाजूला राजा 'सी' (c), हत्ती 'डी' (d). सुरुवातीला कुठेही असोत. दोघेही आधी हललेले नसावेत, मधली घरं आणि पोचायची घरं मोकळी हवीत, आणि राजाच्या वाटेवर शह नसावा. समोरासमोर खेळताना तोंडाने 'कॅसलिंग' म्हणा आणि मग हलवा. राजा आधीच 'जी'मध्ये असेल तर फक्त हत्ती हलतो आणि समोरच्याला ती हत्तीने राजावरून मारलेली नियमबाह्य उडी वाटते.